आमच्या धावण्याच्या वाटा

आम्ही तिघी एकाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, एकाच रिक्षाने शाळेत जातो आणि तिघींनीही तिशी ओलांडली आहे. बी.एड.ला असताना खेळाने मुलांचा सर्वांगीण विकास कसा होतो, यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती आणि चांगले गुणही मिळवले होते. त्या काळात आमच्यापैकी एकही जण शंभर पावले धावलेली नव्हती. पुढे नोकरी लागली. खेळाच्या तासाला मुलगे क्रिकेट खेळत आणि मुली भिंतीच्या सावलीत बसत. आम्ही मुलींवर लक्ष ठेवत असू, म्हणजे आम्हीही बसूनच असू.

2022 मध्ये आमच्यातल्या एकीच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, जमलं तर थोडं धावा." ती एकटी कशी जाणार? म्हणून आम्ही तिघी निघालो.

रत्नागिरीत धावायला वाटांची काय कमतरता! पण आमच्यासाठी पहिला प्रश्न वाट किती लांब हा नव्हता, त्या वाटेवर आपल्याला कोण पाहील हा होता. त्यावर आम्ही एक युक्ती काढली. फजरची नमाज झाली की बुरखे घालून रिक्षाने भाट्याचा पूल ओलांडायचा, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात बुरखे काढून पिशवीत ठेवायचे, ओढणीला कमरेशी गाठ मारायची, स्कार्फला दोन पिना जास्त लावायच्या आणि मग धावायचे. परत येताना पुन्हा बुरखे, पुन्हा रिक्षा. मोहल्ल्याला वाटे, टीचर लोकांचा सकाळी कसला तरी क्लास असतो. आम्हीही कधी खुलासा केला नाही.

भाट्याच्या वाळूने आम्हाला पहिला धडा दिला. काही दिवस वाळू फरशीसारखी घट्ट लागे, तर काही दिवस पाणी थेट सुरूच्या मुळांशी आलेले असे आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुतत. असे का होते, ते आम्हाला घरातल्या भिंतीवर टांगलेल्या उर्दू कॅलेंडरने समजावले. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि हे सगळे गणित चंद्राचे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे नवा चांद दिसतो तेव्हा आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास, पहाटे पाच-सहाला मोठी ओहोटी असते. सातवी-आठवीच्या चांदाला त्याच वेळी पाणी वर चढलेले असते. दर्यावर जाणारे आमचे लोक हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. आम्ही मात्र भूगोलाच्या पुस्तकातून भरती-ओहोटी शिकवत होतो आणि आमचे पाय ती आता शिकत होते.

वाळू मिळाली नाही तर डांबरी रस्ता होताच. नारळ संशोधन केंद्र मागे टाकले, किनारा संपला, की पावसचा रस्ता चढू लागतो आणि गोळपच्या सड्याकडे नेतो. त्या चढावर आमची बोलती बंद होई. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे कातळ. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, पाय घसरतात, आणि भादव्याच्या सुमारास त्याच कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले पसरतात. इतकी वर्षे ही फुले आम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिली होती. चालत्या गाडीतून ती नुसता रंग दिसतात. धाप लागून गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिल्यावर एकेक फूल दिसले.

रविवारी आम्ही आरे-वारेला जात असू. शिरगाव, साखरतरचा पूल असे करत आऱ्यापर्यंत रिक्षा, आणि तिथून नेवऱ्याकडे धावणे. तिथे रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि वळणावर एकदम दोन्ही किनारे खाली दिसतात. एकदा उक्षीलाही गेलो. झाडीतून धावत सड्यावर पोचलो, तर कातळावर कोणा प्राचीन माणसाने कोरलेला भला मोठा हत्ती! कोकणातली ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्या हत्तीच्या कडेला बसून आम्ही डब्यातली घावने खाल्ली. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "आपण इथेच जन्मलो आणि आपला जिल्हा आपल्याला आत्ता कळतोय."

2023 च्या पावसाळ्यानंतर आमच्यात चौथी आली. आठवीतली मुलगी, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. तिने एक दिवस मधल्या सुट्टीत हळूच विचारले, "टीचर, तुम्ही भाट्याला धावता ना? मला नेता?" तिचे अब्बा मासेमारीच्या बोटीवर. पहाटे बोटीवरून येताना त्यांनीच आम्हाला पाहिले होते आणि घरी सांगितले होते. म्हणजे आमचे गुपित आमच्याच मोहल्ल्यात कधीचे फुटले होते!

तिला आम्ही बरोबर घेतले. बूट नव्हते, ती अनवाणी धावली. आम्ही बनाच्या टोकापर्यंत पोचेतो ती वळून परत आलेली असे. तिच्या धावण्यात धडपड नव्हती. वाऱ्यावर शीड फुगावे तशी ती जाई. दोन महिने हे चालले. मग एके दिवशी ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत मान खाली घालून म्हणाली, "लोक बोलतात, म्हणून घरातून नको म्हणतात."

आम्ही तिच्या घरी गेलो. जाताना मनात बरीच तयारी केली होती. हजला जाणारा प्रत्येक जण सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या करतो, त्या एका आईच्या धावण्याच्याच आठवणीने ना? बीबी हाजरा बाळाच्या पाण्यासाठी धावल्या नसत्या तर? असे सगळे आम्ही बोलणार होतो. पण बोलायची वेळच आली नाही. तिच्या दादींनी आम्हाला चहा दिला आणि आपल्या कोकणीत म्हणाल्या, "माझं पाय बगा. पाटी डोक्यावर घेऊन मी हातखंब्यापर्यंत मच्छी विकायला चालत जायची. तवा कोन नाय बोल्ला. आता नात धावली तर बोलतात?"

आम्हाला वाटले, जिंकलो. पण दादी थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चूक तुमचीव हाय. तुमी चोरून धावताव. रिक्षात बसून पुलापलीकडं जाताव. चोरून केलं की लोकांना वाटतं, कायतरी चोरीचंच असेल. पोरीला न्यायचं तर माझ्या दारातून न्या."

आम्ही गप्प झालो. वर्गात मुलींना आम्ही सांगत होतो, "धीट व्हा." आणि स्वतः सुरूच्या बनाआड लपत होतो. लोक काय म्हणतील, हे लोकांनी म्हणायच्या आधी आम्हीच म्हणून ठेवले होते.

त्या वेळी 2024 च्या जानेवारीत होणाऱ्या कोकण कोस्टल मॅरेथॉनची शहरात चर्चा होती. बाहेरगावचे लोक पैसे भरून आमच्या गावच्या रस्त्यांवर धावायला येणार होते. आणि आम्हाला आमच्या गल्लीतून पुलापर्यंत धावायची भीती वाटत होती.

पुढच्या सोमवारी फजरनंतर आम्ही दादींच्या दारात उभ्या राहिलो. सलवार-कुर्ता, स्कार्फ, कमरेला गाठ मारलेली ओढणी. त्या दारापासून पूल फार दूर नाही. गोळपचा चढ आम्ही चढलो होतो, आऱ्याची वळणे पार केली होती, पण एवढी लांब वाट आयुष्यात धावलो नव्हतो. मशिदीतून लोक बाहेर पडत होते. एका खिडकीचा पडदा हलला. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका चाचांनी आम्हाला पाहून तोंड फिरवले. कोणीतरी काहीतरी बोलले, ते नीट ऐकू आले नाही. पुलावर वारा लागला तेव्हा कळले की आम्ही श्वास रोखूनच धावत आलो होतो. मुलगी मात्र पुलाच्या मध्यावर उभी राहून हसत होती.

सगळे सुरळीत झाले, असे म्हणणार नाही. दोन घरांतून आमच्याशी बोलणे कमी झाले. ती मुलगी आता शाळेतून पुढे गेली, रोज येत नाही. पण दारातून निघायचा नेम आम्ही मोडला नाही. आता आणखी काही मुली येतात, आणि खेळाच्या तासाला भिंतीची सावली बरीचशी रिकामी असते.

परवा टपरीवरचे तेच चाचा आम्हाला पाहून उभे राहिले. आमच्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "टीचर, आज आठवा चांद हाय. वाळूवर पानी असेल. पोरींना रस्त्यानंच न्या."

आम्ही सलाम केला आणि रस्त्यानेच गेलो.