नकार कुणी दिला?

लॉगिन अडलं की पहिला संशय माणसाच्या बोटांवर जातो. ‘कॅप्स लॉक चालू आहे का बघा’, ‘नीट आठवून टाका’, ‘बरं थांबा, रीसेट करून देतो’. डिरेक्टरी सर्व्हर सांभाळण्यात नोकरीचा मोठा काळ घालवल्यावर माझं ठाम मत झालंय की ही सुरुवातच चुकीची आहे. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यांसाठी मी काम करतो, तिथली माणसं एकाच खात्यावर हजेरी, मेल, भांडार, पगारपत्रक असं सगळं उघडतात. सकाळी एकदा लॉगिन केलं की दिवसभर पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. सिंगल साइन-ऑनची सोय ती हीच. यातलं एखादं पान कुणाला उघडेना झालं, की मी आधी एवढंच शोधायला बसतो: नकार दिला कुणी?

कारण त्या एका क्लिकमागे बरेच जण उभे असतात. माणसापुढचं मशीन, खाती आणि पासवर्ड सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, ज्या ॲप्लिकेशनकडे जायचंय त्याचा सर्व्हर, आणि या सगळ्यांच्या मधे डीएनएस, ब्राउझर, लोड बॅलन्सर. यांच्यापैकी कुणीही ‘नाही’ म्हणू शकतो. माणसाला मात्र सगळ्यांचा नकार एकाच वाक्यात ऐकू येतो, आणि ते वाक्य त्याच्यावर ठपका ठेवतं.

ही रचना अशी का झाली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९८३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांच्या मदतीने कॅम्पसभर वर्कस्टेशन मांडायची आणि कुठल्याही विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनवर बसून काम करायचं, अशी ती कल्पना. मशीन कुणाच्याही ताब्यात, नेटवर्कवर कुणीही कान लावून बसलेला. अशा ठिकाणी पासवर्ड तारेवरून पाठवायचा कसा? तो पाठवायचाच नाही, असं ठरलं. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या पायावर तिथे ओळख पटवण्याचा कर्बरॉस हा प्रोटोकॉल उभा राहिला. बिल ब्रायंट यांनी १९८८मध्ये त्याच्यावर चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. त्या संवादातली अथेना एक रचना मांडते, दुसरं पात्र युरिपिडीज तिच्यातलं भोक दाखवतो, ती ते बुजवते, तो पुढचं दाखवतो. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी मॅन्युअलच्या आधी तो संवाद वाचायला देतो. कुठला भाग कशासाठी आलाय हे एकदा समजलं, की तो बिघडल्यावर काय मोडेल याचा अंदाज आपोआप येऊ लागतो. पुढे विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि हाच कर्बरॉस ऑफिसाऑफिसांत पोचला.

सकाळी पासवर्ड टाकला की मशीन त्यापासून एक किल्ली तयार करतं, त्या किल्लीने आत्ताची वेळ कुलूपबंद करतं आणि ती कंट्रोलरकडे पाठवतं. कंट्रोलरकडेही तीच किल्ली असते. तिने कुलूप उघडलं आणि आतली वेळ खरोखर आत्ताची निघाली, की ओळख पटली. मग मिळतं एक तिकीट, नेहमीच्या सेटिंगमध्ये दहा तास चालणारं. हजेरीचं पान उघडायचं तर ते तिकीट दाखवून हजेरीच्या सर्व्हरसाठी दुसरं तिकीट घ्यायचं. हे दुसरं तिकीट म्हणजे सीलबंद लखोटा. माणूस तो घेऊन जातो, पण त्याला स्वतःला तो उघडता येत नाही. उघडायची किल्ली असते कंट्रोलरकडे आणि त्या हजेरीच्या सर्व्हरकडे.

म्हणून मी आधी त्या माणसाच्या मशीनवर बसून के-लिस्ट चालवतो. हाताशी कोणकोणती तिकिटं आहेत हे तो आदेश दाखवतो. पहिलंच तिकीट नसेल तर भांडण कंट्रोलरशी. पहिलं आहे पण हजेरीचं नाही, तर कंट्रोलरला हजेरीचा सर्व्हर त्या नावाने ओळखता आला नसावा, किंवा ब्राउझरने तिकीट मागितलंच नसावं. पत्त्याच्या जागी नावाऐवजी आयपी आकडा टाकला तरी असं होतं. आणि दोन्ही तिकिटं हातात असतील, तर कंट्रोलरने त्या माणसाला केव्हाच ‘हो’ म्हटलेलं आहे. त्याचा पासवर्ड बरोबर आहे, हे सिद्ध झालं. यानंतरही त्याला कुणी पासवर्ड बदलायला सांगत असेल तर मला मनापासून राग येतो.

घड्याळाचं प्रकरण या कामात पुन्हा पुन्हा येतं. कर्बरॉस पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. त्यापुढे तिकीट कितीही खरं असलं तरी नाकारतो, कारण चोरलेला जुना संदेश पुन्हा कुणी वापरू नये. आपल्याकडे यात एक खास खोच आहे. नवा लिनक्स सर्व्हर उभा करताना टाइमझोन यूटीसीच राहून जातो आणि कुणीतरी मनगटावरचं घड्याळ बघून वेळ हाताने ‘दुरुस्त’ करतो. पडद्यावर सव्वादहा, भिंतीवर सव्वादहा, सगळं जुळलेलं. पण कर्बरॉस यूटीसीत मोजतो, आणि त्या हिशोबाने तो सर्व्हर साडेपाच तास पुढे गेलेला असतो. त्याच्या दारात येणारं प्रत्येक तिकीट त्याला शिळं वाटतं. लोक घड्याळाकडे बघून शपथेवर सांगतात की वेळ बरोबर आहे, आणि त्यांच्या डोळ्यांपुरतं ते खरंही असतं. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायलाही. अनेकांनी ते कागदी काम म्हणून उरकलं. मला त्या दोन अटी जीव लावून पाळाव्याशा वाटतात. घड्याळं जुळलेली नसतील तर तीन सर्व्हरांचे लॉग शेजारी ठेवून काहीच वाचता येत नाही. आधी काय झालं आणि नंतर काय, हेच कळत नाही.

लॉगमध्ये खरं उत्तर असतं. पडद्यावर ते मुद्दाम दिलं जात नाही. ‘असा वापरकर्ताच नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असं वेगवेगळं सांगितलं तर बाहेरचा चोर नावं तपासत बसेल. हे धोरण योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की आतल्या माणसाने आतलं उत्तर बघितलंच पाहिजे. डिरेक्टरीशी बोलायच्या एलडॅप या पद्धतीने लॉगिन नाकारलं की वर ४९ हा एकच आकडा येतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्याच्या पोटात आणखी एक कोड देते. ५२ई म्हणजे पासवर्ड खरोखर चुकला. ५३२ म्हणजे त्याची मुदत संपली. ५३३ म्हणजे खातं बंद केलंय, ७७५ म्हणजे लॉक झालंय, आणि ७७३ म्हणजे पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलायचाय पण ॲप्लिकेशनकडे ते विचारायची सोयच नाही. माणसांच्या पाच वेगळ्या अडचणी, आणि बहुतेक ॲप्लिकेशन पाचही जणांना एकच वाक्य ऐकवतात.

बरं, ५२ई आला म्हणूनही लगेच माणसाला दोषी धरू नये. मराठी टायपिंगची सवय असलेल्या ऑफिसांत लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो, टाइप होतात देवनागरी अक्षरं आणि दिसतात नुसते ठिपके. खातं सारखं लॉक होत असेल तर बहुतेकदा खिशातला फोन जुना पासवर्ड घेऊन वाय-फायवर दार ठोठावत असतो. अशा वेळी पीडीसी एम्युलेटर म्हटल्या जाणाऱ्या डोमेन कंट्रोलरवर ४७४० क्रमांकाची नोंद बघावी. कुठल्या मशीनकडून ठोके आले ते तिथे लिहिलेलं सापडतं. रीसेट केल्याने यातलं काहीही बरं होत नाही. उलट, अडचण ज्या स्थितीत होती ती स्थितीच पुसली जाते, आणि पुढे तपासायला येणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

एका कारखान्यातल्या भांडार विभागातले काका मला या संदर्भात नेहमी आठवतात. रजेचं नवं पोर्टल आलं. सगळ्यांना उघडलं, काकांना नाही. हेल्पडेस्कने पासवर्ड रीसेट केला, पुन्हा केला, मग मशीन बदललं. हळूहळू विभागात पसरलं की काका पासवर्ड विसरतात. निवृत्तीला आलेला माणूस म्हटल्यावर ते सगळ्यांना पटलंही. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, माझं काय चुकतंय तेवढं सांगा. मी कागदावर लिहून, बघून टाकतो.” तोवर त्यांनी शेजारच्या मुलाला त्याच्या लॉगिनवरून आपला रजेचा अर्ज भरायला सांगायला सुरुवात केली होती. सुरक्षेच्या नावाखाली उभं केलेलं सगळं तिथेच कोसळत होतं, आणि त्यात काकांचा दोष नव्हता.

के-लिस्टमध्ये दोन्ही तिकिटं स्वच्छ दिसत होती. कंट्रोलरवर दुसऱ्या तिकिटाची ४७६९ क्रमांकाची नोंद, यशस्वी. काका दुसऱ्याच्या मशीनवर बसले तरी पान उघडेना. दुसरा काकांच्या मशीनवर बसला की लगेच उघडे. म्हणजे अडचण काकांच्या खात्याबरोबर फिरत होती. पोर्टलच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये मात्र काकांचं नावही नव्हतं. ते तिथवर पोचलेच नव्हते. नकार मधे कुठेतरी होता. पोर्टल ज्या टॉमकॅट वेब सर्व्हरवर चालत होतं त्याच्या लॉगमध्ये तो सापडला: ४०० क्रमांकाचा, विनंतीचा हेडर फार मोठा असल्याचा.

विंडोजच्या तिकिटात माणसाच्या नावाबरोबर तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे याची यादी जाते. मायक्रोसॉफ्टच्या ढोबळ हिशोबाने मुळात १,२०० बाइट, डोमेन लोकल प्रकारच्या प्रत्येक ग्रुपचे ४० आणि त्याच डोमेनमधल्या इतर ग्रुपचे ८. असे दीडशे डोमेन लोकल ग्रुप धरले तर ७,२०० बाइट झाले. वेबवरून पाठवताना ते बेस-६४ मध्ये मांडावे लागतात, तेव्हा तीनाचे चार होतात: ९,६००. टॉमकॅट सगळा हेडर मिळून मुळात ८,१९२ बाइट स्वीकारतो. विंडोजला स्वतःला काहीच अडचण नव्हती. सर्व्हर २०१२ पासून त्याची मर्यादा ४८,००० बाइट आहे. काका नोकरीभर एका गोदामातून दुसऱ्यात, एका समितीतून दुसरीत जात राहिले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्यांना ग्रुपमध्ये घातलं, काढलं कुणीच नाही. कालच आलेल्या शिकाऊ मुलाचं तिकीट सडपातळ होतं, म्हणून त्याला पोर्टल उघडत होतं. ज्याने सगळ्यात जास्त वर्षं सेवा केली, त्यालाच यंत्रणा बाहेर ठेवत होती.

मी विभागात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “काका, तुमचा पासवर्ड रोज बरोबरच होता.” ते काही बोलले नाहीत, वहीतून पासवर्डचा कागद काढून त्यांनी फाडला.

हेडरची मर्यादा वाढवणं पाच मिनिटांचं काम होतं. ग्रुप साफ करायला फार वेळ लागला, कारण बंद पडलेल्या गोदामाच्या ग्रुपवर अजून कुणाचं काय टांगलेलं आहे हे विचारत प्रत्येक विभागप्रमुखाकडे जावं लागतं.

दुसऱ्या टोकाचे बिघाड सर्व्हरच्या बाजूचे. एकच सर्व्हिसचं नाव दोन खात्यांवर नोंदलं गेलं की कंट्रोलर लखोटा कुणाच्या किल्लीने बंद करायचा हे ठरवू शकत नाही. सेटएसपीएन आदेशाने दुबार नावं शोधता येतात. किंवा सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला पण सर्व्हरवरची कीटॅब फाइल जुनीच राहिली: लखोटा नव्या किल्लीचा, हातात किल्ली जुनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या ८ तारखेच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी कर्बरॉसची लॉगिनं अडली. कारण एन्क्रिप्शनच्या प्रकारांच्या नियमांत होतं, आणि १७ तारखेला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. त्या दिवसांत जगभर किती जणांना ‘पासवर्ड नीट टाका’ म्हटलं गेलं असेल, या विचाराने मी अजून अस्वस्थ होतो.

तेव्हापासून एन्क्रिप्शनचा आरसी-४ हा जुना प्रकार हळूहळू बाहेर जातोय आणि एईएस त्याची जागा घेतोय. डोमेन २००८च्या पातळीवर येण्याआधीपासून ज्या खात्याचा पासवर्ड बदललेला नाही, त्याच्यापाशी एईएसची किल्लीच नसते. म्हणून सध्या मी प्रत्येक सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखा काढतोय. गेटवरच्या वजनकाट्याचं खातं सगळ्यात जुनं निघालं. त्याचा पासवर्ड आणि कीटॅब दोन्ही एकाच वेळी बदलावे लागतील, नाहीतर सोमवारी ट्रकची रांग लागेल आणि काट्यावरच्या माणसाला कुणीतरी पासवर्ड आठवायला सांगेल. त्यासाठी प्लांट मॅनेजरांकडून रविवारची दुपार मागून घेतली आहे.