पाच किलो हरभरा

"आंटीजी, मार डालोगी क्या?"

चिल्ला खादरमधल्या घोडीवाल्याचे हे शब्द अजून झोंबतात. खरं बोलला होता, म्हणून जास्तच.

2024 चा जून. दिल्लीतल्या मयूर विहार फेज वनच्या मागची यमुनेकाठची खादर करपून पिवळी पडली होती. तिथे वरातीची पांढरी घोडी बांधलेली. फासळ्या मोजता याव्यात, कणा वर आलेला, पुठ्ठ्यावर खड्डे. त्या वर्षी गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्तच नव्हते. शुक्र मावळला आणि खादरीत घोडीचा दाणा बंद झाला, असा तो सरळ हिशेब. हिवाळ्यातला हिरवा चारा, बरसीम, मे महिन्यात संपतो; मग उरतो गव्हाचा भुसा. त्याने पोट भरतं, अंग भरत नाही.

दिल्लीच्या आसपास उपाशी घोडी दिसली की मराठी माणसाला पानिपत आठवतं. 1760 च्या अखेरीस रसद तुटली आणि आपल्या फौजेची जनावरं चाऱ्यावाचून मेली. मलाही आठवलं, आणि घरी येऊन मी पाच किलो हरभरा भिजत घातला.

सकाळी घमेलं पुढे ठेवताच घोडीने त्यात तोंड खुपसलं. निम्मं संपलं तेव्हा मालक धावत आला, घमेलं हिसकावलं आणि ते वाक्य बोलला.

दुपारी घोडी पाय आपटू लागली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, उठायची. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही आणि देहाच्या मानाने जठर लहान. दाणा एकदम पडला की न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो. त्यातून खुरांना सूज आली तर जनावर जन्माचं लंगडं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पॅराफिन तेल सोडलं. मालक रात्रभर तिला चालवत राहिला. मी मात्र एसीत झोपले होते. झोपले कसली, पडले होते.

इकडे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फासळ्यांचा फोटो फिरत होता. घोडीवाला क्रूर, त्याला पोलिसांत द्या. आणि मी? अन्नपूर्णा! हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. मी सगळं वाचलं आणि दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी खरं लिहिलं, तेव्हा उत्तर आलं तिघांचं. त्यातल्या एकाने परत हातच जोडले. ज्याने घोडी वाचवली त्याला कसाई म्हणणाऱ्यांपैकी कुणीही आपला मजकूर काढला नाही.

घोडी सावरल्यावर डॉक्टरांनी आधी दात पाहिले. दाढांच्या कडा धारदार झालेल्या, चावताना चाऱ्याचे अर्धवट गोळे बाहेर पडत. दाढा कानशीने घासल्या, जंताचं औषध दिलं, मग खाणं ठरवलं. 300 किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा हवा. लसूणघास ओली असेल तर तिच्यात चार हिस्से पाणी, म्हणजे तीसेक किलो. पण तेवढी पहिल्या दिवशी नाही: थोडी थोडी, दर चार तासांनी, दहा दिवसांत वाढवत. दाणा सगळ्यात शेवटी. जोडीला मीठ आणि सावलीत भरपूर पाणी. कोवळी चरी, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, मुळीच नाही. गुरांना तिने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते; घोड्यांना मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा त्रास होतो. तुम्हालाही कीव आलीच तर दाणे नेऊ नका. मालकाला विचारा आणि लसूणघासेचे पैसे द्या. मी तेच केलं, त्याने ते मान खाली घालून घेतले.

दिवाळीपर्यंत फासळ्या झाकल्या. 12 नोव्हेंबरला देवउठनी एकादशी झाली आणि वराती सुरू झाल्या. आमच्याच रस्त्याने घोडी आली, झूल घातलेली, भरलेली, देखणी. मला इतका आनंद झाला की मी बँडवाल्यांमधून वाट काढत जवळ गेले. तिच्या तोंडात काटेरी लगाम होता. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी त्यावर बंदी आहे.