फुलराणीच्या सोळा मात्रा

सप्तापूर, धारवाड

प्रिय मैत्रिणीस,

तुझी लेक ‘फुलराणी’ पाठ करतेय हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ‘यमक आलं की ती जोरात ठेका देते आणि सगळी कविता धडधडत पळते,’ असं लिहिलंस ना, त्यावरच बोलायचंय.

बालकवींची ही कविता पादाकुलकात आहे. ओळीला सोळा मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या या आवर्तनाला पद्म म्हटलंय. आमच्या धारवाडात हे फार समजावावं लागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू या गवयांचं हे गाव. तीनतालाच्या सोळा मात्रा कानात मुरलेल्या. मराठी घरात जन्मून कन्नडात लिहिणारे बेंद्रेही इथलेच, साधनकेरीतले. त्यांच्या कविता लोक नुसत्या वाचत नाहीत, म्हणतात.

यमक दोन-दोन ओळींचं आहे खरं, पण काटेकोर मुळीच नाही. पहिल्याच कडव्यात एका जोडीत नुसता शेवटचा ‘त’ जुळतो, दुसरीत ‘नी’ला ‘णी’ भेटते. इतक्या हलक्या यमकावर बालकवी सगळा भार कशाला टाकतील? झोके आणि गाणी जिथे येतात ती ओळ काढ. आठ अक्षरं आणि आठही गुरू! जीभ पळूच शकत नाही. तिच्या आधीच्या ओळीत लघू अक्षरांची ये-जा आहे, आणि लगेच हा लांब हेलकावा. जेमतेम सत्तावीस वर्षं जगलेल्या माणसाचा कान बघ गं!

पुनरुक्तीही तशीच. पहिला शब्द लागोपाठ दोनदा येतो. दुसऱ्या ओळीतली गवताची मखमल तिसरीत पुन्हा उचलली जाते, म्हणून नजर त्याच गवतावर रेंगाळते. मग चौथ्या ओळीच्या आरंभी नायिकेचं नाव. कडवं संपताना तेच नाव परत येतं, पण आता ओळीच्या शेवटी, ‘फुलराणीला’ असं. मोजून बघ, बरोब्बर आठ मात्रा. एक अख्खं आवर्तन तिच्या एकटीचं. मला तर ही जागा साऱ्या कवितेत सर्वांत लाडकी.

तेव्हा लेकीला सांग, टाळी आवर्तनाच्या आरंभी दे, यमकावर नको. झोक्यांच्या ओळीला तर टाळीच नको. पुढे कवितेत संध्याकाळचा वारा बोलू लागला की आवाज थोडा खट्याळ होऊ दे. आणि म्हणून झालं की रेकॉर्ड करून पाठव, आईलाही ऐकायचंय.

तुझीच