आईच्या स्वयंपाकघरातलं नवं नाक

माझ्या आईला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका आजारपणात तिची वासाची जाणीव गेली, ती परत आलीच नाही. ती इंदूरला एकटी राहते. फोडणीचा खमंगपणा हरवला याचं तिला वाईट वाटतं. आम्हाला भीती वाटते ती गॅसची. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. पण तो वास नाकाला कळलाच नाही तर?

भाऊ म्हणाला, "आईला डबा लावून देऊ." आई म्हणाली, "स्वयंपाक बंद केलात, तर मी दिवसभर करू काय?" म्हणून मी गॅस डिटेक्टर आणला आणि त्याच्या भरवशावर आईला सोडण्याआधी तो कसा चालतो, ते समजून घेतलं.

अशा बऱ्याच डिटेक्टरमध्ये कथिलाचं ऑक्साइड असतं. कथील म्हणजे आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तोच धातू! जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये या तत्त्वावरच्या सेन्सरचं पेटंट मागितलं होतं.

एक चिमुकला हीटर या ऑक्साइडचे कण सुमारे 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. हवेतला ऑक्सिजन कणांना चिकटतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो; त्यामुळे वीज नीट वाहत नाही. गॅस आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो. अडलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज सहज वाहू लागते आणि भोंगा वाजतो.

कण जितके बारीक, तितका सेन्सर तल्लख. मोठ्या बटाट्याला मीठ वरवरच लागतं, बारीक फोडींना आतपर्यंत, तसंच हे. क्यूशू विद्यापीठातले नोबोरू यामाझोए यांनी 1991 मध्ये दाखवलं, की कण 6 नॅनोमीटरच्या आसपास आले की संवेदनशीलता झपाट्याने वाढते. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो!

पण या नाकाच्याही मर्यादा आहेत. सॅनिटायझरच्या किंवा अत्तराच्या वाफेनेही ते कधी कधी ओरडतं. वीज गेली की हीटर थंड आणि नाक बंद. म्हणून आम्ही ते इन्व्हर्टरवर जोडलं. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावला. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर तो हलका असतो, डिटेक्टर छताजवळ हवा.

भोंगा वाजला तर काय करायचं, हे आईने ओट्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: आग, काडी काही नको. दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. बाहेर जाऊन 1906 ला फोन.

डबा काही लागला नाही. आई अजून रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, मीठ मात्र शेजारच्या काकूंना चाखायला लावते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण गुडघे, साखर, चष्म्याचा नंबर विचारतो. एकदा हेही विचारा: वास नीट येतो ना?