विषुववृत्तापलीकडून अंधेरीत

वीकेण्डला दर वेळी लोणावळाच कशाला? अंधेरी वेस्टला उतरा, रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल’ सांगा. बिल्डिंगांच्या गर्दीत अचानक २०० फुटी काळाकभिन्न कातळ! लाव्हा थंड होताना आकसला, तडकला, त्याचे हे सरळसोट खांब. वय सहा कोटी वर्षांहून जास्त. तेव्हा आपला भारत चक्क एक बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला. मग हा दगड जमिनीसकट उत्तरेला निघाला. भारत आशियावर आदळला, हिमालय उभा राहिला. अजूनही वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतोय (लोकलसारखा मेगाब्लॉक नाही!). पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळाशी जरा टेका. २००७ मध्ये पालिकेने कातळाला हेरिटेज दर्जा दिला, पण आजूबाजूचा दगड त्याआधीच खाणींनी खाल्लेला. टॉवर्स पार पायथ्याला भिडलेत.