हेक्टरी साडेबावीस हजार

मे २०२५ च्या अखेरीस बारामती-इंदापूरवर असा पाऊस कोसळला, की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला. एरवी या दिवसांत आमच्या जिरायत पट्ट्यात टँकरची वाट पाहतात!

मग पंचनामे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत. ऊस आडवा झाला की डोळ्यांना दिसतो; डाळिंबाचं तसं नाही. मुळाशी पाणी साचलेलं झाड काही आठवडे हिरवंगार राहतं आणि पुढे मर लागून वाळतं. तोवर पंचनाम्याचा कागद तहसीलला पोचलेला असतो.

पावसाच्याच आठवड्यात, ३० मे रोजी, शासनाने खरीप २०२५ पासूनचे मदतीचे दर खाली आणले. फळबागांना हेक्टरी ३६ हजार होते, ते २२,५००. मर्यादा तीनऐवजी दोन हेक्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अतिवृष्टी-मदत पॅकेजात तिसरं हेक्टर परत आलं, मूळ दर मात्र तोच. एवढ्यात बागेची एका हंगामाची फवारणीसुद्धा भागत नाही. तरी नको कोण म्हणेल?

यादीत नाव आलं, तरी फार्मर आयडी नसेल तर ई-केवायसी उरतेच. सामाईक सातबारा असला तर भावांचं संमतीपत्रही लागतं, आणि बांधावरून अबोला धरलेल्या भावाकडे सही मागायला जाणं पंचनाम्याहून अवघड.