पुनरुक्तीचा दोष

मराठीचे अध्यापन करणाऱ्यांना एक खोड जडते: कागद हाती आला की लाल पेन उघडायचे. वसईतील एका गावच्या चर्चच्या गायनमंडळाने आम्हा दोघांकडे स्तोत्र १३० चे मराठी रूप ‘जरा शुद्ध करून’ मागितले, तेव्हा ही खोड सत्कारणी लागणार असे आम्हांस वाटले. २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सात ते गायचे होते.

हे स्तोत्र म्हणजे खोल गर्तेतून देवाला मारलेली हाक. (जुन्या लॅटिन बायबलच्या गणनेत ते १२९ वे.) त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी येतात, आणि लगेच, तसेच्या तसे, पुन्हा येतात. आम्ही दुसरे पहारेकरी खोडले. चाल अभंगाची होती. सहा-सहा-सहा-चार अक्षरांत ते दोनदा मावेनात, आणि यमकालाही जागा हवी होती.

वास्तविक हिब्रू कविता यमकावर उभी नाही. एका चरणातले म्हणणे दुसऱ्यात वळवून पुन्हा म्हणायचे, ही तिची रीत. रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ च्या ग्रंथात ती उलगडून दाखवली. विसाव्या शतकात जोसेफ जेलिनो या फ्रेंच जेज्वीट संगीतकाराने मुळातील आघात मोजून स्तोत्रांना चाली दिल्या. ती युक्ती मराठीला उसनी घेता येत नाही. आपले छंद अक्षरे नाहीतर मात्रा मोजतात. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती गीताला अभंगाचे वळण दिले खरे, परंतु ते (प्रॉटेस्टंट पंथातले) कवी स्वतःचे गीत रचीत होते. पुढची ओळ त्यांच्या हाती मोकळी होती. स्तोत्राच्या भाषांतरकाराच्या हाती ती नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषांत आली. पहिल्या वाचनानंतर एकाने स्तोत्राची कडवी म्हणावीत आणि साऱ्या मंडळींनी ध्रुवपद धरावे, ही पद्धत कीर्तन ऐकलेल्या कानांना परकी वाटायचे कारण नव्हते. स्तोत्र १३६ मध्ये तर सव्वीसही वचनांच्या शेवटी एकच पालुपद आहे. तिथे आम्हांला पुनरुक्ती खटकली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

तालमीच्या संध्याकाळी सत्तरीच्या एक मावशी मध्येच थांबल्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते.

“सर, ते दुसरे पहारेकरी कुठं गेले?”

“मावशी, तीच ओळ दोनदा येत होती. अर्थात काही फरक पडत नाही,” आम्ही म्हणालो.

“हॉस्पिटलात मी ह्यांच्या उशाशी बसायचे. उजाडलं का म्हणून कितीदा खिडकीकडे बघायचे. एकदा बघून होत नव्हतं, सर.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जणू एखादी शुद्धलेखनाची चूक दाखवावी तशा त्या बोलल्या. पेटीवाल्याने सूर सोडला. आमच्यापैकी एकाने कागद घेतला आणि खोडलेली ओळ समासात पुन्हा लिहिली.

छंद अर्थातच मोडला. चाल बांधणारा तरुण कुरकुरला. अखेर त्या दोन ओळी त्याने ठेका थांबवून, नुसत्या सुरावर म्हणायच्या ठरवल्या. मिस्साच्या दिवशी त्या तशाच गायल्या गेल्या. तिसऱ्या कडव्यातले यमक अजूनही जुळलेले नाही.